वजाबाकीचाही हिशेब हवा

२५ जून २०१६ रोजी नाशिकजवळच्या ओझरहून पोटाखाली ब्रह्मोस क्षेपणास्त्र बांधलेले सुखोई-३० विमान प्रथम उडाले. अशा विमानातून ते क्षेपणास्त्र प्रत्यक्ष डागले गेले ते २२ नोव्हेंबर २०१७ रोजी. मधल्या सतरा महिन्यांना कोणी दिरंगाई म्हणेल. परंतु अडीच टनांचा भार लटकवलेले विमान पूर्वीचे राहत नाही. त्याला हवेचा विरोध किती वाढला, हे अखेर आकाशातच मोजावे लागते.

मोजण्याचे तत्त्व साधे आहे. एकाच उंचीवरून, एकाच वेगाने सरळ जाणाऱ्या विमानात इंजिनाचा रेटा आणि हवेचा विरोध समसमान असतात. म्हणून फेरफारापूर्वी आणि फेरफारानंतर त्याच उंचीवर, त्याच वेगाने उडून इंजिनाला किती जोर लावावा लागला, याची नोंद घेतात. वजन व तापमान यांतील फरक जमेस धरला की वाढलेला विरोध हाती येतो.

हा हिशेब किती निष्ठुर असतो, हे 'मरुत' विमानाने दाखवून दिले. जर्मन तज्ज्ञ कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडलेले हे विमान १९६१ मध्ये उडाले; पण हवे तसे इंजिन त्याला कधीच लाभले नाही. म्हणून आहे त्याच इंजिनाला आफ्टरबर्नर जोडून पाहिला. रेटा वाढला, परंतु शेपटाकडील भागाची घडण बदलल्याने हवेचा विरोधही वाढला आणि कमाईचा मोठा वाटा त्यातच खर्ची पडला. याच सुधारित विमानाच्या उड्डाणात १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांनी प्राण गमावले. चाचणीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही, ती अशी.

आपल्याकडे योजनांची चर्चा होते ती रेट्याची: इतके कोटी मंजूर, इतके खर्च. विरोधात किती गेले, निव्वळ हाती काय आले, हे मोजण्यासाठीची तरतूद मात्र सर्वांत आधी कापली जाते. मोजमापावरील खर्च ही उधळपट्टी नव्हे. तो न करणे हीच खरी उधळपट्टी होय.

गटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांकडे शिकून विष्णू माधव घाटगे यांनी भारतीय विमानविद्येचा पाया घातला. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच, की बेरजेचा अभिमान बाळगण्यापूर्वी वजाबाकी स्वतः करून पाहावी.