काळ्या कोंबडीचं मोल

गुरुग्रामात हल्ली कडकनाथ या काळ्या कोंबडीची अंडी घरबसल्या मागवता येतात. डबा उघडल्यावर काहीजण हिरमुसतात: कवच फिकट बदामी, बलक नेहमीसारखा पिवळा. काळेपण असतं ते कोंबडीच्या तुऱ्यात, कातडीत, मांसात, पार हाडांपर्यंत. व्हिएतनामच्या डोंगरांतले ह्मोंग लोक पाळतात ती कोंबडीही अशीच काळी. दोघींच्या रंगाचं मूळ एकाच जनुकीय बदलात आहे.

कडकनाथचं माहेर मध्य प्रदेशातलं झाबुआ-अलिराजपूर. भिल्ल-भिलाला घरांनी ती परसात सांभाळली, देवाला वाहिली, 'कालीमासी' म्हटलं. 2018 साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. देशी जातींची नोंद ठेवणारा राष्ट्रीय ब्यूरो तर आपल्या हरयाणातच, कर्नालला आहे.

नाव झालं आणि पाठोपाठ बाजार आला. सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी 2019 मधला कडकनाथ घोटाळा विसरलेले नाहीत. पिल्लं गळ्यात मारली गेली, अंडी-पक्षी परत विकत घेण्याच्या वायद्यावर पैसे घेतले गेले आणि पुढे सगळंच बुडालं. दोष कोंबडीचा नव्हता. ती अंडी कमी देते, हळू वाढते. ब्रॉयलरच्या हिशेबात ती बसणारच कशी? घाई झाली की संकर होतो, आणि काळा दिसणारा प्रत्येक पक्षी कडकनाथ म्हणून खपतो. औषधी गुणांच्या जाहिराती तर विचारूच नका.

जात टिकते ती शुद्ध कळप राखणाऱ्यांमुळे. तेव्हा जास्तीचा दर मोजण्याआधी विक्रेत्याला एवढं जरूर विचारा: पक्षी कुठल्या कळपातला, आणि त्यातले किती पैसे पाळणाऱ्याला मिळतात?