सन २०२५ चा जमाखर्च : घरचा आणि देशाचा



व्यापारी दिवाळीला आपली जुनी वही मिटतो आणि नवी उघडतो. वर्षात काय आले, काय गेले, कोणाचे देणे राहिले, हे त्याला एका नजरेत दिसते. आपल्या आजोबा-पणजोबांचा अंगठाही वहीत होताच. पण ती वही सावकाराची होती. आपल्या घरात मूल केव्हा जन्मले, लग्न केव्हा झाले, वडीलधारे माणूस केव्हा गेले, हे सांगताना "त्या साली पूर आला होता" किंवा "त्या साली पटकी आली होती" असे म्हणावे लागे. धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारे हलविले, मुलांची नावे बदलली, लग्नातील हुंडा व मानपान कमी केले. परंतु वर्ष संपताना आपल्या घरचा आणि देशाचा जमाखर्च एकत्र मांडून पाहण्याची सवय अद्याप आपल्याला लागली नाही. ती लागली पाहिजे, आणि ती का लागली पाहिजे, हे २०२५ या वर्षाच्या आधारे आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम घरचे सांगतो. त्या वर्षी मला वकिलीची सनद मिळून वीस वर्षे पूर्ण झाली. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या न्यायालयांत व तहसील कचेऱ्यांत ती वर्षे गेली. वैशाख पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात पुतणीचा मंगलपरिणय बुद्धविहारात झाला. श्रावणात वडील गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला चार गावांची माणसे जमली. धाकट्या भावाला मुलगी झाली. माझी थोरली मुलगी बारावी होऊन परिचर्येच्या शिक्षणासाठी गेली. असे हे वर्ष कोणत्याही घराचे असावे तसेच होते : एक लग्न, एक मृत्यू, एक जन्म आणि एका मुलीचे शिक्षण.

मुलीच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागले. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, हे आपल्यापैकी ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांना ठाऊक आहे. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. हा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असे. आजोबा चौथीपर्यंतच शिकले. पुढे आयुष्यभर त्यांनी मजुरी केली. त्या चार इयत्तांचा त्यांना स्वतःला किती उपयोग झाला, हे सांगणे कठीण आहे. परंतु त्या एका पिवळ्या कागदाने त्यांच्या पणतीला महाविद्यालयाचे दार उघडून दिले. तो कागद वडिलांनी सत्तर वर्षे पावसापासून, वाळवीपासून व स्थलांतरापासून जपला होता. त्यांनी आमच्यासाठी मागे ठेवलेल्या मिळकतीत याहून मोलाचे दुसरे काही नाही.

आता देशाचे पाहू. १४ मे २०२५ रोजी, बुद्धपौर्णिमेला दोनच दिवस लोटले असता, न्यायमूर्ती भूषण गवई यांनी भारताचे बावन्नावे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली. या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध होत. अनुसूचित जातीतून आलेले दुसरे. अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले. त्यांचे वडील रा. सू. गवई हे रिपब्लिकन चळवळीतील नेते होते. त्यांच्या प्रत्येक मताशी आपण सहमत व्हावे, असे नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात अनुसूचित जातींना 'क्रीमी लेअर' लावण्याविषयी त्यांनी जे मत दिले, त्यावर आपल्या समाजात तीव्र वाद झाला आणि तो वाद होणे योग्यही होते. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने जोडा भिरकावण्याचा प्रयत्न केला. सरन्यायाधीशांनी विचलित न होता कामकाज पुढे चालविले. २३ नोव्हेंबरला ते निवृत्त झाले. सहा महिन्यांच्या या कारकिर्दीचा आपल्याला अभिमान वाटावा. परंतु अभिमानाने पोट भरत नाही व हक्कही मिळत नाही. त्या कारकिर्दीतील एक निकाल थेट आपल्या तालुक्यापर्यंत आला, तिकडे आपले लक्ष अधिक गेले पाहिजे.

तो निकाल माथेरानचा. नेरळहून घाट चढून दस्तुरी नाक्यावर पोचले की मोटार थांबते; पुढे पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून जावे लागे. कर्जत तालुक्यातील या डोंगरावर माणसाला माणसाने ओढण्याची ही पद्धत इंग्रजी अमलापासून चालत आली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश गवई यांच्या खंडपीठाने आदेश दिला की, सहा महिन्यांच्या आत ही पद्धत बंद करावी. ती मानवी प्रतिष्ठेला आणि संविधानाने दिलेल्या सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाला विसंगत आहे. रिक्षा ओढणाऱ्यांची उपजीविका बुडू नये म्हणून विजेवर चालणाऱ्या रिक्षा त्यांना भाड्याने देण्याची योजना शासनाने करावी आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. गुजरातेतील केवडिया येथे अशी योजना आहे, तिचा दाखला न्यायालयाने दिला.

या निकालातील एका बारीक गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. ई-रिक्षा कोणाला द्यावयाच्या? खरोखर रिक्षा ओढणारे कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावयाचे. म्हणजे देशातील सर्वोच्च न्यायासनाने प्रतिष्ठा दिली, तरी ती हातात पडण्यासाठी माणसाचे नाव एका यादीत असावे लागते. ज्याने वीस वर्षे दुसऱ्याच्या परवान्यावर रिक्षा ओढली, ज्याच्यापाशी ओळखपत्र नाही, पावती नाही, साक्षीला कागद नाही, त्याने घाम गाळला हे खरे असूनही ते सिद्ध करण्यासाठी त्याला दारोदार फिरावे लागते.

खालापूर तालुक्यातील कारखान्यांत हेच दुःख वेगळ्या वेषात दिसते. खोपोलीच्या आसपास एका कारखान्यात ठेकेदारामार्फत अकरा वर्षे राबलेल्या कामगाराचे प्रकरण मजकडे आले. अकरा वर्षांत त्याला नियुक्तिपत्र म्हणून एक ओळ कोणी लिहून दिली नव्हती. काम सुटल्यावर मालक म्हणाला, "हा आमचा नव्हे", ठेकेदार म्हणाला, "हा माझ्याकडे अलीकडेच लागला." २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र शासनाने चार श्रमसंहिता अमलात आणल्या, जुने एकोणतीस कायदे त्यांत सामावले गेले. या संहितांतील अनेक कलमांविरुद्ध कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. परंतु कामगाराला नियुक्तिपत्र दिलेच पाहिजे, हे त्यांतील कलम आपल्या माणसांनी पाठ करून ठेवावे. ज्या घरातील मुलगा वा सून कारखान्यात, गोदामात किंवा फार्महाऊसवर कामाला लागेल, त्या घराने पहिल्या पगाराचे पेढे वाटण्यापूर्वी नियुक्तिपत्र मागावे.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, तिचा संबंध तर प्रत्येक बौद्ध घराशी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र शासनाने जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय जाहीर केला आणि १६ जूनला जनगणनेची अधिसूचना निघाली. तीत १ मार्च २०२७ ही गणनेची तारीख ठरविण्यात आली. सर्व जातींची अशी गणना यापूर्वी १९३१ साली झाली होती.

जनगणनेचे आकडे आपल्याला नवे नाहीत. १९५१ साली महाराष्ट्राच्या आजच्या क्षेत्रात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. त्या दहा वर्षांच्या मध्यावर १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आहे, हे सांगावयास नकोच. परंतु दीक्षाभूमीवर उच्चारलेला शब्द देशाच्या दप्तरात उतरला, तो १९६१ साली प्रगणक दाराशी आला असता निरक्षर माणसांनीही "आमचा धर्म बौद्ध" असे निक्षून सांगितले म्हणून. २०११ साली ही संख्या ६५,३१,२०० होती.

नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांतून मला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला : "बौद्ध लिहिले तर मुलांच्या सवलती जातील काय?" दुसरा, याच्या उलट बाजूने : "जात सोडली म्हणून दीक्षा घेतली, मग जातीच्या रकान्यात काही लिहिणे ही प्रतारणा नव्हे काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला. ज्याची मूळ जात अनुसूचीत आहे, तो बौद्ध झाल्याने त्याचे अनुसूचित जातीचे हक्क नष्ट होत नाहीत. अनुसूचित जमातींना तर धर्माची अटच नाही. तेव्हा आपल्या वाड्यांतील जी कातकरी वा ठाकूर कुटुंबे या मार्गाकडे वळतील, त्यांनीही हे भय बाळगू नये.

दुसरा प्रश्न मनाचा आहे आणि त्यामागील तळमळ मी जाणतो. तरीही माझे मत स्पष्ट आहे. धर्माचा रकाना विचारतो : तुम्ही काय स्वीकारले? जातीचा रकाना विचारतो : समाजाने तुम्हाला कोठे बसविले होते, आणि त्या अन्यायाची भरपाई कोणाकोणाला देणे लागते? हातावरच्या जखमेची खूण वैद्याला दाखविणे म्हणजे जखमेवर प्रेम करणे नव्हे. धर्म बौद्ध असे सांगा. अनुसूचित जातीत मोडता काय असे विचारल्यास होय म्हणा आणि अनुसूचीतील जातीचे नाव सांगा. दोन्ही उत्तरे खरी आहेत. जनगणना अधिनियम, १९४८ अन्वये आपण दिलेली माहिती गुप्त राहते आणि आपण जे सांगाल तेच प्रगणकाने लिहावयाचे असते. धर्माच्या रकान्यात त्याने सवयीने दुसरेच काही लिहिले तर त्याला नम्रपणे थांबवा व दुरुस्त करवून घ्या.

याप्रमाणेच घरातील प्रत्येक प्रसंगाचा कागद त्याच वर्षी करावा. मूल जन्मले तर एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी. नाव मागाहून घालता येते. जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आला असून, त्या दिवसानंतर जन्मलेल्या बालकांना शाळा, मतदारयादी, नोकरी अशा ठिकाणी जन्मदाखलाच मुख्य पुरावा म्हणून लागणार आहे. लग्न झाले तर बौद्धाचार्यांच्या दाखल्यावर न थांबता १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विवाहाची नोंदणी करावी. आमच्या पुतणीची नोंदणी वधूवर फिरावयास जाण्यापूर्वीच झाली. दीक्षा घेतली असेल तर धर्मबदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा आणि त्याची प्रत जपावी. घरातील माणूस गेले तर शोक करीत असतानाच कोणीतरी एकाने मृत्युदाखला, सातबारा व वारसनोंद यांकडे पाहावे. सातबाऱ्यावर विधवेचे नाव लागते की नाही, हे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे.

कोणी म्हणेल, कागदाने काय होते? ज्याच्यापाशी सत्ता आहे तो कागद फाडतो. हा आक्षेप खोटा नाही. कागद असूनही हरलेले खटले मी पाहिले आहेत. परंतु कागद नसताना जिंकलेले फारच थोडे पाहिले आहेत.

आपल्या कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भंगलेल्या शिल्पाजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. सुमारे दोन हजार वर्षे लोटली. त्या काळी या घाटावर कोणाचे राज्य होते, जकात कोण घेत होता, हे पंडितांना शोधावे लागते. छिन्नी चालविणाऱ्या बलकाचे व त्याच्या गुरूचे नाव मात्र आपण आजही वाचतो. काम करणाऱ्याने आपले नाव आपल्या हाताने लिहिले म्हणून ते उरले.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, प्रत्येक घराने एक जाड वही घ्यावी. वर्षाच्या अखेरीस घरातील सर्वांनी, सुनांनी व शाळकरी मुलांनीही, एकत्र बसावे. डाव्या पानावर घरात काय घडले ते तारखांसह लिहावे. उजव्या पानावर देशात काय घडले आणि त्याचा आपल्या घराशी काय संबंध आहे ते लिहावे. डाव्या पानावरील ज्या प्रसंगाचा दाखला अद्याप निघाला नसेल, त्यापुढे खूण करावी आणि तो कोणी, केव्हा काढावयाचा ते तेथेच ठरवावे. घरात लिहिता येणारे मूल असेल तर लेखणी त्याच्याच हाती द्यावी.

जय भीम.