देऊबाईंचं दान पुढे न्या

माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त,
श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास, प्रभादेवी



1801 साली आपलं मंदिर उभं राहिलं ते माटुंग्याच्या देऊबाई पाटील यांच्या पैशावर. देऊबाईंना मूल नव्हतं. आपली नाही, निदान इतरजणींची तरी कूस उजवावी, म्हणून त्यांनी हे देऊळ बांधवलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. परळच्या चाळीत वाढलेल्या मला ही गोष्ट आईने मंगळवारच्या रांगेत सांगितली होती. तेव्हा ती नवसाची गोष्ट वाटली. आता पन्नाशी ओलांडल्यावर ती मला एका दानाची गोष्ट वाटते. बायकांच्या शरीरातलं एक दुःख एका बाईने ओळखलं आणि त्यासाठी स्वतःचं धन मोकळं केलं. त्याच दानाच्या आधारावर मी आज आपल्याकडे मागणं घेऊन आले आहे.

न्यासाने रजोनिवृत्तीवरच्या संशोधनासाठी कायमचा निधी सुरू करावा.

आईची पाळी शेचाळिसाव्या वर्षी गेली. रात्री-अपरात्री ती उठायची आणि मोरीत बसून मानेवर पाणी मारून घ्यायची. डिसेंबरातही तिला पंखा लागायचा. भाजीत मीठ दोनदा पडायचं आणि मग ती स्वतःवरच चिडून रडायची. घरात सगळे म्हणत, हिला काय झालंय कळत नाही. खरंच कुणाला कळत नव्हतं, तिलाही नाही. शेजारणी मात्र म्हणायच्या, "सुटलीस बाई, आता कधीही देवाला जाता येईल." आई खरोखरच दर मंगळवारी येऊ लागली. त्रेसष्टाव्या वर्षी ती जिन्यात घसरली आणि खुबा मोडला. हाडं पार ठिसूळ झाली होती. पाळी जाण्याचा आणि हाडांचा संबंध तोवर आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

माझ्या वेळी मी गप्प बसले नाही, डॉक्टरांना विचारलं. एकीने हार्मोनच्या गोळ्या घ्या म्हणून सांगितलं. दुसरीने कॅन्सर होईल म्हणून हातातली चिठ्ठी बाजूला सारली. दोघीही हुशार आणि प्रामाणिक. दोघींचा आधार मात्र परदेशातल्या बायकांवर झालेल्या अभ्यासाचा होता.

त्यातला सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेचा. तिथल्या सरकारी पैशावर 16,608 स्त्रियांना दोन हार्मोनची एकत्र गोळी किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन पाहिलं गेलं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आणि 2002 साली तो प्रयोग मध्येच थांबवला. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. प्रत्यक्षात वाढलेला धोका दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला आठ जादा रुग्ण एवढा होता, आणि त्या स्त्रियांचं सरासरी वय होतं 63. पाळी नुकतीच गेलेल्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, हे पुढच्या विश्लेषणांतून स्पष्ट झालं. तोवर मधली कितीतरी वर्षं बायकांनी नुसतं सोसलं.

दुसरा अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. तोही अमेरिकेतलाच, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू झालेला. सुमारे 3,300 स्त्रियांना चाळिशीपासून वर्षानुवर्षं भेटत राहायचं, त्यांची झोप, हाडं, हृदय, मन यांची नोंद ठेवायची, एवढंच त्यात होतं. ज्यांच्या अंगातून वारंवार वाफा निघतात त्यांतल्या निम्म्या बायकांना त्या सात वर्षांहून जास्त काळ छळतात, हे त्यातून कळलं. "होईल दोन वर्षांत कमी" असं सांगणाऱ्या प्रत्येकाला त्यातून उत्तर मिळालं. गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी अशा पाच गटांतल्या बायका त्यात होत्या. भारतीय बाईचा गट नव्हता.

आणि आपली बाई वेगळी आहे. पाश्चात्त्य देशांत पाळी साधारण 51व्या वर्षी जाते, आपल्याकडे 46-47व्या वर्षी. ही चार-पाच वर्षं कुठे जातात? अशक्तपणामुळे? लहान वयातल्या बाळंतपणांमुळे? सिगारेट ओढणाऱ्या बाईची पाळी लवकर जाते हे सिद्ध झालेलं आहे. मग रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या आपल्या मावशी-आत्यांचं काय होतं? हे प्रश्न अमेरिकेतलं कुणी आपल्यासाठी विचारणार नाही.

त्यात बीडच्या बायका आहेत. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला: ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच नको. तेव्हा सगळीकडे ओरड झाली आणि शस्त्रक्रियांवर बंधनंही आली. पण ज्यांची पिशवी आधीच गेली त्यांचं पुढे काय? सोबत बीजकोशही काढले असतील, तर बाईची रजोनिवृत्ती एका रात्रीत होते. ठेवले असले तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते. पस्तिशीत हार्मोन गमावलेली बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढते तेव्हा तिच्या मणक्यांचं काय होत असेल? हे कुणीतरी पंधरा वर्षं तिच्या मागे राहून नोंदवायला हवं.

हे सरकारचं काम नाही का, असं आपण विचाराल. आहेच, आणि ते मागणं मी सोडलेलं नाही. पण सरकारी प्रकल्प साधारणपणे तीन-चार वर्षांचे असतात, आणि या प्रश्नांना पंधरा-वीस वर्षं लागतात. औषध कंपन्यांना जुन्या, स्वस्त गोळ्यांच्या अभ्यासात रस नसतो. इतका धीर आपल्याकडे धर्मादाय पैशालाच असतो. याचं उदाहरण याच शहरात आहे. मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने न्यास स्थापला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या एका आजारावरच्या संशोधनासाठी राखून ठेवला. एका घरातलं दुःख जगातल्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचलं.

आपला न्यास 1980च्या कायद्याने चालतो, गरजू रुग्णांना उपचारासाठी मदत करतो, डायलिसिस केंद्र चालवतो. आजाऱ्याला औषध देणं हे पुण्य भाविकाला लगेच दिसतं, संशोधनाचं तसं दिसत नाही, ही अडचण मला कळते. म्हणून निधीचं नाव साधं ठेवा, आणि देणगीच्या पावतीवर त्याचा वेगळा रकाना असू द्या. मंगळवारी रांगेत पाहा, पन्नाशी-साठीच्या किती जणी असतात! त्यांना समजावून सांगायला एक वाक्यही पुरेल.

मुद्दल हलवू नये. व्याज पंधरा-वीस वर्षांसाठी बांधून द्यावं. प्रकल्प विश्वस्तांनी निवडू नयेत, बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने निवडावेत, आणि समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. निष्कर्ष मराठीत छापून आशा सेविकांच्या हाती पोहोचावेत. संशोधक शोधायला लांब जावं लागणार नाही. केईएम, वाडिया आणि त्यांच्याजवळची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था, सगळं परळला आहे, आपल्या गाभाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या तासाच्या चालीवर. त्या संस्थेच्या नावात प्रजनन आहे, बाळ आहे. पाळी गेल्यानंतर बाई आणखी पंचवीस-तीस वर्षं जगते, त्या वर्षांसाठी आपण पुढे यावं.

देवळाच्या पैशातून पाळीचा अभ्यास कसा, असं कुणी म्हणेल. त्यांना देऊबाईंची गोष्ट सांगा. बाईच्या कुशीचं दुःख या देवळाच्या पायातच आहे.

आईच्या पाटल्यांपैकी एक मी भाचीला दिली. दुसरी मोडून आलेली रक्कम बँकेत ठेवली आहे. निधी सुरू झाल्याचं कळलं की पहिल्याच मंगळवारी धनादेश घेऊन येईन.

आपली नम्र,
परळची एक रहिवासी