रवाळ दैत्य

सोवळं आमच्या देवघरातून गेलं, ते थेट कॅमेऱ्यात जाऊन बसलं. कुणाही हौशी छायाचित्रकाराला विचारा, पहिला मंत्र हाच मिळेल : "आयएसओ १०० च्या वर न्यायचा नाही. दाणे येतात!" दाणे येतात म्हणजे जणू अंगावर देवीच येतात.

हा मंत्र जपत मी आईला घेऊन लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात गेलो. छतावर लवणासुराच्या वधाचा देखावा कोरलेला आहे. आईच्या मानेला पट्टा. म्हणाली, "वर कशी पाहू बाप्पा? तूच आण त्याला खाली."

माझ्याकडे ७०-३०० चं झूम भिंग. दैत्याला ओढून आणायला भरपूर लांब. पण ही भिंगं उजेडाच्या बाबतीत भारी चिक्कू. लांबवलं की छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. म्हणजे एफ २.८ च्या महागड्या भिंगाच्या पाव उजेड. आत भरदुपारी अंधार. २०० मिलिमीटरवर, सोवळ्यातल्या आयएसओ १०० ला, शटर उघडं राहिलं एक सेकंद. घरी येऊन पाहतो तो दैत्य मेलाच नव्हता, नुसता वितळला होता.

जाणकार जमले. एक म्हणाले, "फ्लॅश मारायचा." अहो, कोरीव काम दिसतं ते सावल्यांमुळे. समोरून फ्लॅश मारला की सावल्या पुसल्या जातात आणि शिल्पाचं पोळपाट होतं. दुसरे म्हणाले, "मोठं भिंग घ्या." त्या किमतीत मोटारसायकल येते, आणि तिच्यावरून लोणारला दहादा जाता येतं! आयएसओ वाढवा, असं मात्र एकानेही सांगितलं नाही. धर्म बुडाला असता.

मी बुडवला. पुन्हा गेलो आणि आयएसओ ३२०० केला. एका सेकंदाचा तिसावा हिस्सा झाला. मीटरला काळा दगडही सिमेंटसारखा राखाडी करायची खोड, म्हणून उजेड एक टप्पा उतरवला. दगड काळाच राहिला आणि शटरचा वेग आणखी दुप्पट झाला. भिंगातली थरथर आवरणारी सोय चालू केली, फरशीवर उताणा पडलो, कोपरं अंगाशी घट्ट धरली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. येणारेजाणारे घेरी आली समजून पाणी आणायला धावले, तो भाग वेगळा.

माझं म्हणणं एवढंच : दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो ब्रह्मदेवालाही स्थिर करता येत नाही. फोटो काढायचा तो पाहणाऱ्यासाठी, सोवळं मोडलं की नाही हे तपासणाऱ्यांसाठी नव्हे.

आईने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"रवाळ काहून दिसते रे हे?"

"दगड आहे ना."

"हो का," म्हणाली आणि फोटोला हात जोडले. मान न उचलता.