बोटांत राहिलेले सर

माझ्याकडे उपचारास येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या एका आजोबांना पत्नीचे नाव कधी आठवते, कधी नाही. तरुणपणी ते गिटार शिकले होते. मुलीने ती जुनी गिटार परवा त्यांच्या मांडीवर ठेवली. डाव्या हाताचा अंगठा दांड्यावरून वर डोकावताच त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. म्हणाले, ‘‘सर रागावतील.’’ सरांना जाऊन कितीतरी वर्षे झाली.

स्पेनचे श्रेष्ठ गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगा १९०९ साली वारले. उत्तरायुष्यात ते नखांऐवजी बोटांच्या मांसल टोकांनी तारा छेडत. त्यांचे शिष्य एमिलियो पुजोल यांनी १९८० पर्यंतच्या आपल्या दीर्घ आयुष्यात तीच पद्धत जपली व शिकवली. गुरूचा हात शिष्याच्या हातात असा मुरतो.

अल्झायमरमध्ये प्रसंगांची स्मृती घडवणारा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो. सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूचे इतर भाग सांभाळतात. त्या बहुधा अधिक काळ टिकतात. वाद्याने आजार बरा होत नाही, हे त्या मुलीलाही मी स्पष्ट सांगितले. पण त्या पंधरा मिनिटांत वडील रुग्ण नसतात, विद्यार्थी असतात.

शुश्रूषा करणाऱ्यांनी वाद्य सुरात लावूनच हाती द्यावे. ‘‘हे गाणे आठवते का?’’ अशी परीक्षा घेऊ नये. चिडचिड दिसली की थांबावे. आणि डाव्या हाताची नखे वेळेवर कापावीत. आजोबांची बरीच वाढली होती.