काळी आणि पांढरी

उन्हाळ्यात जागा पाहावयास गेलेला गृहस्थ रस्त्याची रुंदी विचारतो, नळ कोठवर आला आहे याची चौकशी करतो आणि सावली शोधून उभा राहतो. पायांखाली त्याची दृष्टी क्वचितच जाते. माझ्या वडिलांचीही गेली नव्हती. निवृत्तीच्या पैशांतून मराठवाड्यातील एका गावाबाहेर त्यांनी जागा घेतली, तेव्हा तेथे हात आत जाईल एवढ्या भेगा होत्या. "उन्हाळ्यात भेगा पडायच्याच," असे विकणाऱ्याने सांगितले आणि ते खोटेही नव्हते. घर झाल्यावर दोन पावसाळे लोटले आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीवर एक तिरपी चीर निघाली. गवंडी दर दिवाळीस ती सिमेंटने बुजवी, दर होळीस ती पुन्हा उघडे.

आजीने मात्र घर पाहताच विचारले होते, "काळीत कुणी घर बांधतं का रे?"

वाचकहो, या प्रश्नात पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानले जात. शेते ती काळी आणि वस्ती ती पांढरी. पांढरीच्या मातीच्या भिंती उठत, तिचीच माळवदे होत. काळीत नांगर चाले. आज शहरे पसरत काळीपर्यंत आली आहेत आणि तिचेच तुकडे पाडून विकले जात आहेत. सातबाऱ्यावर मालकाचे नाव व पिकाची नोंद मिळते. काळी किती हात खोल आहे, हे त्यावर लिहिलेले नसते.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नव्हे. इंदूर, वडोदरा, कलबुर्गी अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या आसपासही हीच माती आहे. तेलुगूत तिला रेगडी म्हणतात, तमिळमध्ये करिसल. (भाषांतराच्या मेजावर असे शब्द शेजारी शेजारी आले की मोठी गंमत वाटते.) दख्खनेतील काळी बहुतांशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकापासून झाली. तिच्यातील चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरले की माती फुगते, सुकली की आकसते. घराच्या मध्यभागी छपराखालची ओल फारशी बदलत नाही. कडेची मात्र प्रत्येक ऋतूत बदलते. त्यामुळे कडा वरखाली होतात, मध्य जागीच राहतो आणि भिंत पिळवटते. अवजड इमारत मातीस दाबून तरी धरते. हलक्या एकमजली घरास ती सहज उचलते. म्हणजे हा जाच अधिककरून लहान घर बांधणाऱ्यासच सोसावा लागतो.

तेव्हा विसार देण्यापूर्वी जागा दोनदा पाहावी, एकदा वैशाखात आणि एकदा भर पावसाळ्यात. शेजारची कुंपणभिंत कललेली आहे काय, जुन्या घरांच्या खिडक्यांपाशी तिरप्या चिरा आहेत काय, हे न्याहाळावे. जवळ न बांधलेली विहीर असल्यास तिच्या काठाशी थोडा वेळ उभे राहावे. काळी कोठे संपते, मुरूम कोठे लागतो आणि खडक किती खाली आहे, हे तेथे उघडे दिसते. ओली माती तळहातांवर वळून पाहावी. तिची लांब, बारीक वळी न तुटता होत असेल, तर सावध व्हावे.

थोडे रॉकेल मिळवता आले, तर आणखी एक प्रयोग आहे. अभियंते प्रयोगशाळेत करतात त्याचेच हे घरगुती रूप होय. वाळवून, कुटून, बारीक चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करावे. दोन सारख्या उंच, अरुंद काचनळ्यांपैकी एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून त्यांत ते घालावे आणि विस्तवापासून दूर एक दिवस ठेवावे. रॉकेलात ही माती फुगत नाही. पाण्यातील थर रॉकेलातील थराच्या दीडपट किंवा अधिक उंच झाला, तर जाणकार अभियंत्यास दाखविल्यावाचून पाया खणू नये.

अशी जागा टाकूनच द्यावी असे नव्हे. रुरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंद असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली आहे. काळी खोल असेल तेथे हे खांब निदान साडेतीन मीटर खाली नेतात, कारण ऋतूंप्रमाणे होणारी ओलीची चढउतार तेथवर फारशी पोहोचत नाही. खांबाच्या तळाचा फुगीर भाग बहुधा खांबाच्या अडीच पट रुंद असतो आणि तो घरास जमिनीत रोवून धरतो. खर्च वाढतो, हे खरेच. म्हणूनच तो जागेचा भाव ठरविण्यापूर्वी ठाऊक असावा.

बागेची गोष्ट निराळी. काळीचा रंग पाहून ती सर्वांगांनी सकस असल्याचा समज होतो; वस्तुतः तिच्यात नत्र व सेंद्रिय द्रव्य बेताचेच असते. चुनखडीचा अंश अधिक असेल, तर लोह असूनही झाडास ते मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. यास्तव वाफे उंच करावे. शेतजमिनीसाठी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना असून तीत बारा बाबींची तपासणी होते. नमुना देताना मात्र उकिरड्याजवळची किंवा झाडाखालची माती घेऊ नये. कित्येक जण नेमकी तीच उचलून नेतात.

वडिलांच्या घरी आम्ही पुढे काय केले, ते सांगतो. जोत्याला लागून असलेला नळ दूर नेला. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली चार फूट रुंद फरशी घातली. भिंतीलगतचा वाढता कडुनिंब, आईचा रोष पत्करून, काढावा लागला. उन्हाळ्यात तो पायाखालची ओल ओढून घेत होता. चीर अद्याप आहे. परंतु गेल्या होळीस तीत नखही शिरले नाही.