रोख वटाव की पॉइंटची उधारी?

व्यापारी घरात ‘वटाव’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मालाची रक्कम ठरलेल्या मुदतीआधी चुकती केली की बिलातून काही टक्के वजा होतात आणि तेवढे पैसे त्याच दिवशी गल्ल्यात राहतात. हॉटेलच्या सवलतींकडे पाहताना मात्र ही व्यवहारी नजर पुष्कळदा बाजूला पडते. ‘चाळीस टक्के सूट’, ‘दुप्पट पॉइंट’, ‘तिसरी रात्र मोफत’ अशी आमिषे एकत्र समोर आली की सारे फायदे सारखेच वाटू लागतात. वास्तविक त्यांचे तीन प्रकार असतात. काही सवलती रोख वटावासारख्या असतात, काही उधारीसारख्या, तर काहींचा त्या कुटुंबाला उपयोगच नसतो. बुकिंगपूर्वी एवढी वर्गवारी केली तरी पुष्कळ पैसे वाचतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. २००९ मध्ये चाकण परिसरात फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे राहिले. त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांचे जाळे विस्तारत गेले आणि कामानिमित्त येणाऱ्या अभियंत्यांच्या, खरेदी अधिकाऱ्यांच्या मुक्कामाची गरज वाढली. चाकणचे कोर्टयार्ड बाय मॅरियट, चिंचवडचे डबलट्री बाय हिल्टन, पिंपरीचे जिंजर अशी हॉटेले प्रामुख्याने याच ग्राहकाकडे पाहतात. हा ग्राहक सोमवार ते गुरुवार येतो आणि शुक्रवारी घरी परततो. लोणावळा-महाबळेश्वरला नेमके याच्या उलट घडते. तेथे शनिवार-रविवारी गर्दी आणि आठवड्याच्या मध्ये शांतता असते.

हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आजची रात्र विकली गेली नाही तर ती उद्याच्या साठ्यात धरता येत नाही. म्हणूनच रिकाम्या दिवसांचे दर खाली येतात. औद्योगिक पट्ट्यातील हॉटेल शनिवारी आणि थंड हवेचे ठिकाण मंगळवारी घेणे, ही पहिली सवलत. तिला कूपन लागत नाही. ज्यांना दुकानाची साप्ताहिक सुट्टी सोयीने बदलता येते, त्यांनी हा लाभ अवश्य घ्यावा. मोठ्या लग्नतिथी आणि सलग सुट्ट्या यांना मात्र हा नियम लागू पडत नाही.

दुसरी बाब कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के जीएसटी आकारला जातो. हा टप्पा हॉटेलच्या छापील दरावर ठरत नाही, तर प्रत्यक्ष आकारलेल्या मूल्यावर ठरतो. त्यामुळे बिलातच वजा झालेल्या सवलतीला विलक्षण महत्त्व येते. समजा, खोलीचा दर ७,८०० रुपये आहे. १८ टक्के करासह ९,२०४ रुपये द्यावे लागतील. हॉटेलने बिलातच ४०० रुपये कमी करून दर ७,४०० केला, तर पाच टक्के करासह रक्कम ७,७७० रुपये होते. सवलत ४०० रुपयांची, परंतु बचत १,४३४ रुपयांची! हेच ४०० रुपये बँकेच्या कार्डावर नंतर कॅशबॅक म्हणून मिळाले, तर हॉटेलचे बिल ७,८०० वरच बनते आणि कॅशबॅक धरूनही ग्राहकाच्या खिशातून ८,८०४ रुपये जातात. दोन्हीकडे जाहिरात ‘४०० रुपये सूट’ अशीच असते. फरक मात्र हजार रुपयांहून अधिक पडतो. न्याहारी धरून दर ७,५०० च्या वर जात असेल, तर न्याहारीसह आणि न्याहारीविना असे दोन्ही अंतिम आकडे हॉटेलकडून आधीच मागून घ्यावेत.

व्यवसायासाठी प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. हॉटेलच्या सेवेचे ‘पुरवठ्याचे स्थान’ म्हणजे ती इमारत जेथे आहे ते राज्य. चिंचवडचा व्यापारी कामासाठी मुंबईच्या हॉटेलात १८ टक्के कराच्या खोलीत राहिला आणि बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक असला, तर त्या कराची वजावट घेता येते. तोच व्यापारी सुरतेत राहिला तर बिलावर गुजरातचा राज्यकर लागतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीवर त्याची वजावट मिळत नाही. कौटुंबिक सहलीच्या खर्चावर तर ती कोठेच मिळत नाही. म्हणून दोन शहरांतील दरांची तुलना करताना हाती येणारी वजावट धरून आकडे मांडावेत आणि जीएसटी क्रमांक बुकिंग करतानाच द्यावा. खोली सोडताना तो सांगितला की बिल दुरुस्त करून घेण्याची यातायात सुरू होते.

तिसरा प्रश्न असा, की बुकिंग कोठे करावे? प्रवास-संकेतस्थळे अनेक हॉटेलांचे दर एकत्र दाखवतात, ही त्यांची मोठी सोय. परंतु हॉटेलला प्रत्येक बुकिंगमागे त्यांना कमिशन द्यावे लागते. हॉटेलांनी स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अन्यत्र याहून कमी दर देऊ नये, अशा करार-अटींवर भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी कठोर निर्णय दिला. मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि अशा अटी दूर करण्याचे निर्देश दिले. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिलाचा मार्ग धरला. ग्राहकाने यातून घ्यायचा बोध साधा आहे. संकेतस्थळावर दर पाहावा, मग हॉटेलला थेट दूरध्वनी करावा आणि करासह अंतिम रक्कम विचारावी. वाचणाऱ्या कमिशनचा काही भाग दरातून किंवा मोफत न्याहारीच्या रूपाने ग्राहकाला देणे हॉटेललाही परवडते. मोठ्या साखळ्या आपल्या विनामूल्य सभासदांना स्वतःच्या संकेतस्थळावर थोडा कमी दर देतात. मॅरियटची तर अशी योजना आहे, की थेट बुकिंगनंतर २४ तासांच्या आत त्याच खोलीचा त्याच अटींवरील कमी दर अन्यत्र दाखवून दिला, तर तो दर मान्य होतो आणि त्यावर आणखी २५ टक्के सूट किंवा ५,००० पॉइंट मिळतात.

‘फक्त एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, शेवटच्या पानावर नवे शुल्क जोडणे, न मागितलेला विमा टोपलीत टाकणे, या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे मनाई केली आहे. असा अनुभव आल्यास त्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता पॉइंटकडे वळू. १९८३ मध्ये अमेरिकेत हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी अशा योजना सुरू केल्या आणि आज जवळपास प्रत्येक साखळीची स्वतःची योजना आहे. पॉइंट म्हणजे ग्राहकाने हॉटेल कंपनीला दिलेली बिनव्याजी, बिनतारण उधारी होय. कंपन्यांचे हिशोबही हेच सांगतात. ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार पॉइंटच्या वाट्याची रक्कम उत्पन्नात लगेच धरता येत नाही; पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत ती देणे म्हणून दाखवावी लागते. जे कंपनीच्या पुस्तकात देणे आहे, ते ग्राहकाच्या वहीत येणे ठरते. आणि प्रत्येक येण्याला व्यापारी तीन प्रश्न विचारतोच: रक्कम किती, मुदत किती आणि बुडण्याचा धोका किती?

रक्कम काढण्याची रीत सोपी आहे. एखाद्या रात्रीसाठी करासह ९,००० रुपये किंवा १५,००० पॉइंट मागितले जात असतील, तर तेथे एका पॉइंटचे मोल ६० पैसे. मॅरियट बॉनव्हॉयच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरच्या खर्चामागे दहा मूळ पॉइंट मिळतात. डॉलर ९० रुपये धरला तर ९,००० रुपयांच्या खोलीभाड्यावर १,००० पॉइंट, म्हणजे वरील मोलाने ६०० रुपये. अर्थात सुमारे साडेसहा टक्के. संकेतस्थळावरून बुकिंग केल्यास हे पॉइंट सहसा मिळत नाहीत. म्हणून तेथील दर दहा टक्क्यांनी कमी असेल, तर पॉइंट सोडून रोख वटाव घेणेच शहाणपणाचे. फरक तीन-चार टक्क्यांचाच असेल आणि पॉइंट वर्षभरात नक्की वापरले जाणार असतील, तर थेट बुकिंग सरस ठरते.

मुदतीचे पाहिले तर बॉनव्हॉयमध्ये २४ महिने खात्यावर कोणतीच हालचाल झाली नाही की पॉइंट बाद होतात. बुडण्याचा धोका मात्र अधिक सूक्ष्म आहे. २०२२ पासून मॅरियटने मोफत रात्रींचा ठराविक तक्ता सोडून मागणीनुसार पॉइंट घेणे सुरू केले. त्यामुळे आज १५,००० पॉइंटांत मिळणारी खोली पुढील दिवाळीत तेवढ्यातच मिळेल, याची शाश्वती नाही. पॉइंट साठवून ठेवल्याने व्याज मिळत नाही. उलट घसारा लागतो. म्हणून पहिली चांगली संधी येताच ते वापरावेत.

यानंतर निरुपयोगी लाभांचा विचार. ‘रात्रीच्या भोजनासह’ असलेले पॅकेज स्वस्त दिसते. परंतु चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला त्याचा काय उपयोग? डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि हॉटेलांतील रात्रीचा बुफे साधारणतः त्यानंतर मांडला जातो. चार जणांच्या जेवणाची रक्कम भरून थाळी तशीच राहते. वरच्या दर्जाच्या सभासदांना मिळणारी संध्याकाळची लाउंजची सोयही पुष्कळदा मद्य आणि त्यासोबतचे खाणे यांभोवती बेतलेली असते. तिचे मोल अशा घरासाठी शून्य धरावे. त्याऐवजी बुकिंगच्या वेळीच विचारावे, की सूर्यास्तापूर्वी कंदमूळविरहित भोजन मिळेल काय, उकळलेले पाणी मिळेल काय, पहाटे दर्शनासाठी निघायचे असल्यास खोली लवकर सोडता येईल काय. होकार आल्यास तो ई-मेलवर लेखी घ्यावा. तीनशे रुपयांच्या सवलतीपेक्षा हा होकार पुष्कळदा अधिक मोलाचा असतो.

रद्द न होणाऱ्या स्वस्त दराचेही गणित मांडता येते. असा दर दहा टक्क्यांनी कमी असेल, तर दहा बुकिंगांतील एकच रद्द झाल्यास फायदा-तोटा समसमान होतो. घरात वृद्ध आजारी असतील, मालाच्या गाडीवर वेळापत्रक अवलंबून असेल, तर दहात एकाहून अधिक बेत बदलतात आणि हा दर महाग पडतो. लग्नासारखी पक्की तारीख असेल तर मात्र तो निःशंक घ्यावा.

सर्वांत नाजूक प्रश्न पेढीचा आहे. खर्च पेढीचा असतो, पण पॉइंट जमा होतात ते प्रवास करणाऱ्या एका व्यक्तीच्या नावावर. दोन भावांच्या पेढीत एक भाऊ गिऱ्हाइके सांभाळत गावोगाव फिरतो, दुसरा दुकान आणि गोदाम पाहतो. तीन वर्षांनी पहिल्याच्या कुटुंबाची ‘मोफत’ सहल होते. कोणीही लबाडी केलेली नसते; तरीही दुसऱ्याच्या घरात एक सल राहतो आणि पेढ्या दुभंगतात त्या बहुधा अशाच न बोललेल्या गोष्टींनी. याहून हानिकारक गोष्ट म्हणजे साडेचार हजारांत भागणाऱ्या मुक्कामासाठी केवळ पॉइंटच्या ओढीने सात हजारांची खोली घेतली जाणे. तेथे एकाचा लाभ पेढीच्या तोट्यातून निघतो.

यावर उपाय साधा आहे. भागीदारांनी वर्षारंभी एका कागदावर तीन गोष्टी लिहून सह्या कराव्यात. प्रत्येक शहरासाठी मुक्कामाची कमाल रक्कम किती. पेढीच्या खर्चातून आलेले पॉइंट प्रथम पेढीच्याच पुढील मुक्कामासाठी वापरावेत की दोन्ही कुटुंबांनी आळीपाळीने. आणि शिल्लक पॉइंटांची नोंद वहीत कोणी ठेवावी. हाच नियम विक्री प्रतिनिधींनाही लागू करावा. ते पॉइंट त्यांनाच राहू द्यायचे असतील, तर तसे स्पष्ट सांगावे. प्रामाणिक माणसाला ते बक्षीसच वाटेल. बहुतेक योजनांच्या अटींत पॉइंट ही सभासदाची मालमत्ता मानलेली नाही, त्यामुळे ते वारसाहक्काने येतील असे गृहीत धरू नये.

पेढीकडे वर्षभर बाहेरगावचे पाहुणे येत असतील, तर आणखी एक मार्ग खुला आहे. मागील वर्षी किती रात्रींच्या खोल्या घेतल्या त्याची यादी करून एक-दोन हॉटेलांच्या विक्री व्यवस्थापकांना भेटावे आणि वर्षाचा करारदर मागावा. त्यात न्याहारी, रद्द करण्याची मुदत आणि उशिरा खोली सोडण्याची मुभा लिहून घ्यावी. दुसऱ्या कंपनीचा सवलत-क्रमांक वापरण्याचा मोह मात्र टाळावा. हॉटेलने ओळखपत्र मागितले तर पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागते आणि मुळात तो दर आपला नसतोच.

पुढील बुकिंगपूर्वी एका कागदावर चार आकडे मांडावेत: करासह अंतिम रक्कम, त्यातून मिळणारी वजावट, नक्की वापरले जाणारे लाभ आणि पॉइंटचे आजचे मोल. पॉइंटची रक्कम निम्मीच धरावी. उधारीच्या बाबतीत सावध व्यापारी असेच करतो. एवढे करूनही दोन पर्याय सारखे निघाले, तर जेथे सूर्यास्तापूर्वी जेवण मिळते आणि दूरध्वनीवर माणूस नीट उत्तर देतो, ते हॉटेल निवडावे.